ऑनलाइन मॅजिक खेळायला भिडू कसे मिळवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांसारख्या खेळाची कार्डं आज तालुक्याच्या गावीही कुरिअरने पोचतात. समोर बसून खेळणारा माणूस तसा पोचत नाही. इथले प्रश्न त्या माणसाला शोधण्याबद्दलचे आहेत. बहुतेक उत्तरं कमांडर या चार जणांच्या प्रकाराला धरून दिली आहेत, कारण भिडूंची खरी अडचण तिथेच येते.

माझ्याकडे डेक (खेळायचा कार्डांचा संच) आहे, पण आसपास कोणीच खेळत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी दोन गोष्टी ठरवा. खऱ्या, हातातल्या कार्डांनीच खेळायचं आहे की पडद्यावरची कार्डं चालतील? आणि दोघांचा सामना हवा की चौघांचं टेबल?

पडद्यावरची कार्डं आणि दोघांचा सामना एवढं पुरत असेल तर अरीना हे मॅजिकचं अधिकृत ॲप उघडा, काही मिनिटांत डाव सुरू होतो. खरी कार्डं आणि चौघं हवे असतील तर स्पेलटेबल आणि एक कॅमेरा लागेल. कार्डं विकत न घेता चौघांत खेळायचं असेल तर कॉकाट्रिस, फोर्ज किंवा एक्समेज हे फुकट प्रोग्राम आहेत. मॅजिक ऑनलाइन हा २००२ पासूनचा जुना प्रोग्राम आहे. त्यातही चौघांचा कमांडर खेळता येतो आणि नियम प्रोग्रामच सांभाळतो. मात्र तो विंडोजवरच चालतो आणि त्यातली कार्डं वेगळी विकत किंवा भाड्याने घ्यावी लागतात.

नियम अजून पक्के नसतील तर थेट चौघांच्या टेबलावर बसू नका. अरीनावर स्पार्की नावाचा संगणकी प्रतिस्पर्धी आहे. त्याच्याशी आणि नंतर अनोळखी माणसांशी मिळून वीसेक डाव खेळा. टप्पे, स्टॅक (टाकलेली कार्डं कोणत्या क्रमाने लागू होतात ते), अडवणं आणि झटपट खेळायची कार्डं कधी टाकायची हे हाताला बसलं की कॅमेऱ्यापुढे गोंधळ होत नाही.

अरीनावर सामना लगेच जुळतो. मग वेगळे भिडू कशाला शोधायचे?

स्पर्धात्मक सराव हवा असेल तर शोधू नका. एकास-एक खेळाच्या सरावासाठी अरीना उत्तम आहे आणि रात्री तीन वाजतासुद्धा तिथे प्रतिस्पर्धी मिळतो.

पण अरीनावर चौघांचा कमांडर नाही. ब्रॉल हा त्याच्या जवळचा प्रकार आहे, तोही दोघांचाच. शिवाय अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी बोलता येत नाही, ठरावीक इमोट (तयार उद्गार) तेवढे पाठवता येतात. हरलो तर का हरलो हे विचारायला समोर कोणी नसतं. खेळ सुधारतो तो डावानंतरच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात, आणि ते बोलणं ओळखीच्या भिडूशीच होतं.

अरीनावर ओळखीच्या माणसाशी कसं खेळायचं?

मित्रयादीत समोरच्याचं पूर्ण नाव टाका. पूर्ण म्हणजे नाव, हॅशचं चिन्ह आणि त्यापुढचे आकडे. आकडे राहिले तर विनंती जातच नाही. दहातल्या नऊ जणांची अडचण एवढीच असते. विनंती मान्य झाली की मित्राच्या नावावरून थेट आव्हान पाठवता येतं. त्याआधी दोन गोष्टी बोलून घ्या: फॉरमॅट (कोणती कार्डं चालतील हे ठरवणारा खेळाचा प्रकार) कोणता, आणि एकच डाव की तीनपैकी दोन. डेक त्या फॉरमॅटमध्ये बसत नसेल तर तो निवडता येत नाही, आणि मग दोघंही ‘तुझ्याकडे काहीतरी बिघडलंय’ म्हणत बसतात.

अरीनावर कार्डं एकमेकांना देता येत नाहीत. मित्राला डेक उसना द्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या. नव्या भिडूकडे सुरुवातीचे फुकट डेक असतात. पहिले काही सामने तुम्हीही तसलाच डेक घ्या, म्हणजे बरोबरीचा डाव होईल.

स्पेलटेबल म्हणजे नेमकं काय?

खऱ्या कार्डांचा डाव व्हिडिओवर मांडायची फुकट वेबसाइट. ती २०२० मध्ये आली, लॉकडाउनमुळे झपाट्याने पसरली आणि पुढे मॅजिक काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्टने ती आपल्याकडे घेतली. विझर्ड्सचं खातं काढावं लागतं, बाकी काही बसवावं लागत नाही.

एक जण खोली उघडतो आणि दुवा बाकीच्यांना पाठवतो. चौघांच्या चार खिडक्या दिसतात. चाळीसपासून खाली येणारं आयुष्य आणि कोणाच्या कमांडरने (डेकच्या मुख्य कार्डाने) कोणाला किती मारलं हे तिथेच नोंदवता येतं. एकाच कमांडरकडून २१ झाले की माणूस बाद होतो, त्यामुळे ही नोंद ठेवाच. सगळ्यात कामाची सोय म्हणजे दुसऱ्याच्या खिडकीतल्या कार्डावर क्लिक केलं की ते ओळखून त्याचा मजकूर समोर येतो. ही ओळख कॅमेरा नीट लावला असेल तरच चालते.

कॅमेरा कसा लावायचा?

सरळ वरून खाली. तिरका लावला की जवळची कार्डं मोठी आणि लांबची चिमुकली दिसतात, आणि क्लिक केल्यावर भलतंच कार्ड ओळखलं जातं.

नेहमीची प्लेमॅट ६१ सेंटिमीटर लांब आणि ३५ सेंटिमीटर रुंद असते. ती पूर्ण चौकटीत बसवून कडेला थोडी जागा सोडायची तर फोनचा मुख्य कॅमेरा साधारण ५० ते ६० सेंटिमीटर उंचीवर लागतो. अति-रुंद लेन्स वापरू नका. तिने उंची कमी लागते, पण कडेची कार्डं वाकडी दिसतात. फोन आडवा धरा आणि पुढचा नव्हे, मागचा कॅमेरा वापरा.

स्टँडसाठी टेबलाच्या कडेला चिमट्याने बसणारा, मान वाकवता येणारा होल्डर घ्या. तो घेताना मानेची जाडी बघा. बारीक मानेवर जड फोन डुलत राहतो आणि प्रत्येक धक्क्याला कॅमेरा पुन्हा फोकस शोधू लागतो. होल्डर येईपर्यंत टेबलाच्या दोन बाजूंना पुस्तकांच्या सारख्या उंचीच्या चळती, त्यावर आडवी पट्टी आणि पट्टीवर फोन, एवढ्यावर काम निभतं.

फोनला संगणकाचा वेबकॅम करायला ड्रॉइडकॅम किंवा आयरियन ही ॲप्स आहेत. दोन्हींत फोनवर एक ॲप आणि संगणकावर त्याचा जोडीदार प्रोग्राम बसवायचा असतो. शक्य असेल तर यूएसबी केबलने जोडा. वायफायवर चित्र मागे पडतं, आणि केबलने चार्जिंगही चालू राहतं. आयफोन आणि मॅक असेल तर ही सोय आतच असते, वेगळं ॲप लागत नाही. फोनचं कव्हर काढून ठेवा. दोन तास कॅमेरा आणि चार्जिंग एकत्र चाललं की फोन तापतो, आणि कव्हरात तो जास्त लवकर बंद पडतो.

मांडणीचाही विचार करा. लँड (बाकीची कार्डं टाकायला बळ देणारी कार्डं) तुमच्या जवळच्या ओळीत, प्राणी आणि बाकीची कार्डं पुढच्या ओळीत, डेक आणि ग्रेव्हयार्ड (वापरून झालेल्या कार्डांचा ढीग) एका बाजूला एकाखाली एक, कमांडर दुसऱ्या कोपऱ्यात. डेक आणि ग्रेव्हयार्ड चौकटीबाहेर ठेवायची सवय अनेकांना असते. त्याने दुसऱ्यांच्या मनात विनाकारण शंका येते, म्हणून दोन्ही आत ठेवा.

सगळं लावलं, तरी समोरच्यांना माझी कार्डं वाचता येत नाहीत. काय चुकतं?

बहुतेक वेळा उजेड. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा पट्टा कार्डाच्या प्लास्टिक स्लीव्हवर चमकतो आणि कार्डाच्या नावाची ओळ नेमकी त्याखाली जाते. वरचा दिवा बंद करा आणि दोन्ही बाजूंनी टेबललॅम्प लावा. एकच लॅम्प असेल तर तो भिंतीकडे वळवा, परतलेला उजेड मऊ पडतो. चकचकीत स्लीव्हऐवजी मॅट स्लीव्ह घ्या. फॉइल (चकाकत्या) कार्डांना मॅट स्लीव्हही पुरत नाही, ती खेळताना नाव मोठ्याने सांगा.

दुसरं कारण रेझोल्यूशन. कार्ड ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच असतं. ७० सेंटिमीटरची चौकट ७२०पी मध्ये पाठवली तर एका कार्डाच्या रुंदीला जेमतेम ११५ पिक्सेल मिळतात, तर १०८०पी मध्ये १७० च्या वर. वाचता येणं आणि न येणं यातला फरक एवढाच आहे. लॅपटॉपचा आतला कॅमेरा या कामाचा नाही.

तिसरं, तुमच्याच पडद्यावर चित्र आरशासारखं उलटं दिसतं आणि तुम्ही घाईने ते फिरवता. ते फक्त तुम्हाला तसं दिसत असतं, बाकीच्यांना सरळ दिसत असतं. काहीही बदलण्याआधी ‘तुम्हाला कसं दिसतंय?’ असं विचारा.

इंटरनेट किती वेगाचं लागतं?

वेगापेक्षा स्थिरता महत्त्वाची आहे, आणि डाउनलोडपेक्षा अपलोड. एक एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला सुमारे ४५० एमबी खातो. तुमचा एक जातो आणि तिघांचे तीन येतात. म्हणजे दोन तासांच्या डावात साडेतीन जीबीच्या वर डेटा जाऊ शकतो. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हा डाव पुरा होत नाही, मधेच वेग पडतो आणि चित्र गोठतं. घरच्या फायबरवर खेळा, संगणक केबलने राउटरला जोडा. वीज जाणाऱ्या भागात राउटरपुरता छोटा यूपीएस घ्या. वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो, पण राउटर बंद पडतो आणि चौघांचा डाव अडकतो.

कार्डं विकत घ्यायची ऐपत नाही. तरी चौघांत खेळता येईल?

येईल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

कॉकाट्रिस हा फुकट, मुक्त स्रोत प्रोग्राम आहे. बसवल्यावर तो कार्डांची यादी उतरवून घेतो, मग सर्व्हर निवडून खातं काढायचं. डेक मॉक्सफील्डसारख्या डेकयाद्यांच्या साइटवरून नकलून चिकटवता येतो. लक्षात ठेवायची गोष्ट ही की कॉकाट्रिस नियम पाळून घेत नाही. तो म्हणजे फक्त टेबल. पिसणं, ओढणं, टॅप करणं (वापरलेलं कार्ड आडवं फिरवणं), आयुष्य कमी करणं सगळं तुम्हालाच करायचं. नवख्याला हे जड जातं, पण नियम यानेच पक्के होतात. बोलायची सोय आत नाही, त्यामुळे सोबत डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपचा कॉल लावा.

फोर्ज आणि एक्समेज नियम स्वतः पाळतात. फोर्जमध्ये संगणकाविरुद्धही खेळता येतं, त्यामुळे नवा डेक तपासायला तो चांगला. कमांडरचा शंभर कार्डांचा डेक तिथे चार-पाच वेळा चालवून बघा. लँड कमी पडतात की काय हे आधीच कळतं, तिघांचा वेळ जात नाही.

वेबकॅमवर खेळताना काही कार्डं प्रॉक्सी (घरी छापलेली नक्कल) असली तर बहुतेक टेबलांवर हरकत नसते. प्रत्यक्ष मापात रंगीत छापा, कापा आणि मागे एखादं जादा कार्ड ठेवून स्लीव्हमध्ये सरकवा. हाताने नुसतं नाव लिहिलेली चिठ्ठी टाळा, ती कॅमेऱ्याला ओळखता येत नाही आणि समोरच्याला दर वेळी विचारावं लागतं. अधिकृत स्पर्धेत मात्र खरीच कार्डं लागतात.

लोक नेमके कुठे भेटतात?

डिस्कॉर्डवर. कमांडरच्या मोठ्या सर्व्हरांवर ‘एलएफजी’ नावाचे चॅनेल असतात, म्हणजे ‘भिडू हवेत’चा फलक. अनेक ठिकाणी स्पेलबॉट नावाचा बॉट असतो. त्याला आज्ञा दिली की तो तुम्हाला रांगेत घेतो आणि चार जण जमले की खोलीचा दुवा चौघांना पाठवतो. प्लेईडीएच हा अशा जुन्या, मोठ्या सर्व्हरांपैकी एक. तिथे डेकच्या ताकदीप्रमाणे वेगळे गट केलेले असतात, आधी नियमावली वाचावी लागते. ती वाचा, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ न वाचलेल्या नियमावलीत असतं.

मोठ्या सर्व्हरवरच कायम राहू नका. तिथे दर डावाला नवे तीन जण येतात आणि ओळख जमत नाही. त्याचा उपयोग चाळणीसारखा करा. ज्याच्याशी डाव छान झाला त्याला तिथल्या तिथे विचारा, ‘पुढच्या आठवड्यात याच वेळी?’

भारतातल्या आणि शेजारच्या वेळेच्या देशांतल्या खेळाडूंचे छोटे सर्व्हरही असतात. मुंबई, पुणे, बंगळूर अशा शहरांत मॅजिक खेळवणाऱ्या दुकानांचे स्वतःचे गट असतात. विझर्ड्सच्या साइटवरच्या दुकान-शोधकात आपलं शहर टाकून बघा आणि दुकान लांब असलं तरी गटात यायला विचारा. सहसा नाही म्हणत नाहीत.

मी चॅनेलवर लिहिलं, पण कोणी उत्तर दिलं नाही. का?

‘एनीवन अप फॉर अ गेम?’ याला उत्तर येत नाही, कारण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. कोणता प्रकार, किती वाजता, किती वेळ, कसला डेक, हे सगळं त्याने विचारत बसायचं. तेवढे कष्ट कोणी घेत नाही. असं लिहा:

‘कमांडर, स्पेलटेबलवर. ब्रॅकेट २, तयार डेक किंवा थोडे सुधारलेले. शनिवार रात्री ९:३० ते १२:३०, भारतीय वेळ. दोन जागा रिकाम्या. प्रॉक्सी चालतील. मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही. नवखे चालतील, नियम सांगू.’

इतरांसाठी हेच इंग्रजीतही टाका. वेळेच्या किमान दोन दिवस आधी टाका आणि त्या दिवशी दुपारी एकदा आठवण द्या. संदेशातलं ‘नवखे चालतील’ हे शेवटचं वाक्य गाळू नका. गप्प राहून वाचणारे बरेच जण नवखे असतात आणि कोणीतरी ‘या’ म्हणायची वाट बघत असतात.

ब्रॅकेट म्हणजे काय, आणि डावाआधी काय बोलायचं?

कमांडरचा कारभार बरीच वर्षं स्वतंत्र रूल्स कमिटीकडे होता. सप्टेंबर २०२४ मध्ये माना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस यांसारख्या महागड्या कार्डांवर बंदी आली, त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि महिना संपायच्या आत कमिटीने कारभार विझर्ड्सकडे सोपवला. फेब्रुवारी २०२५ मध्ये विझर्ड्सने डेकच्या ताकदीचे पाच ब्रॅकेट मांडले. १ म्हणजे केवळ हौसेचा, एखादी कल्पना घेऊन बांधलेला डेक. २ साधा, ३ सुधारलेला, ४ पूर्ण ताकदीचा, ५ म्हणजे स्पर्धात्मक कमांडर, ज्याला सीईडीएच म्हणतात. डावाचं पारडं एकदम फिरवणाऱ्या कार्डांची ‘गेम चेंजर’ नावाची यादी आहे. १ आणि २ मध्ये त्यातलं एकही चालत नाही, ३ मध्ये तीनपर्यंत चालतात.

ब्रॅकेटमुळे बोलणं सोपं झालं, अनावश्यक झालं नाही. तेच तीन गेम चेंजर एखाद्या डेकमध्ये शोभेला असतात आणि दुसऱ्यात पाचव्या वळणाला डाव संपवतात. म्हणून डेक पिसता पिसता प्रत्येकाने चार गोष्टी सांगाव्यात: डेक साधारण कितव्या वळणाला जिंकतो, अंतहीन कॉम्बो (न थांबता फिरत राहणारी कार्डांची जोडणी) आहे का आणि किती कार्डांचा, सगळ्यांच्या लँड उडवणारं काही आहे का, लागोपाठ जादा वळणं घेणारं काही आहे का.

यातला पहिला प्रश्न सगळ्यात कामाचा. ‘माझा डेक सातच्या ताकदीचा’ हे दहापैकी गुण देण्याचं जुनं माप निकामी होतं, कारण प्रत्येक जण स्वतःच्या डेकला सातच म्हणायचा. ‘साधारण आठव्या वळणाला, कोणी अडवलं नाही तर’ यात लपायला जागा नाही.

एकाचा डेक फारच वरचढ निघाला तर भांडू नका. पुढच्या डावाला त्याने दुसरा घ्यावा. म्हणून दोन वेगळ्या ताकदीचे डेक जवळ ठेवायची पद्धत चांगली. एकच असेल तर तो ब्रॅकेट २ चा असू द्या, सगळ्यात जास्त टेबलं तिथे मिळतात.

वेळेचं गणित कसं जुळवायचं?

भारताची वेळ जागतिक वेळेच्या (यूटीसी) साडेपाच तास पुढे, आणि हा अर्धा तास विसरल्याने बरेच डाव हुकतात. सिंगापूरचे रात्रीचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. दुबईचे रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेनऊ, म्हणूनच आखातातले भिडू भारतीयांना सगळ्यात सोयीचे पडतात. लंडनचे उन्हाळ्यातले रात्रीचे आठ म्हणजे इथले साडेबारा, हिवाळ्यात दीड. त्यांना शनिवारी दुपारी तीनला बसायला सांगा, आपली रात्र वाचते.

अमेरिकेशी रात्रीची वेळ जुळवायला जाऊ नका, सकाळ-संध्याकाळ जुळवा. न्यू जर्सीत रविवारी सकाळी नऊला कॉफी घेऊन बसणाऱ्यासाठी आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा असतात, हिवाळ्यात साडेसात. कॅलिफोर्नियातला शनिवारी रात्री साडेआठचा डाव उन्हाळ्यात आपल्याकडे रविवारी सकाळी नऊला पडतो, हिवाळ्यात दहाला. बाहेरगावी असलेल्या मराठी मित्रांचा गट या दोनच वेळांवर व्यवस्थित चालतो.

घड्याळं बदलतात तेव्हा सावध राहा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. मधल्या आठवड्यांत अमेरिका बदललेली असते, युरोप नाही, किंवा उलट. भारतात काहीच बदलत नाही. डिस्कॉर्डवर वेळखूण टाकायची सोय आहे, ती प्रत्येकाला त्याच्या स्थानिक वेळेत दिसते. तीच वापरा.

कॅमेऱ्यावर कोणती कार्डं अडचणीची होतात?

जी कार्डं दुसऱ्याच्या कार्डांना हात लावायला सांगतात ती.

दुसऱ्याचा प्राणी ताब्यात घेतला तर कार्ड मूळ मालकाकडेच राहतं. त्याने ते आपल्या मॅटच्या वरच्या कडेला वेगळं ठेवावं, घेणाऱ्याने आपल्याकडे नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि टॅप चिठ्ठीवर करावं. दोन्हीकडे टॅप करायला गेलं की तिसऱ्या वळणाला विसंगती येतेच. नाव लिहिता येतील असे पाच-सहा कोरे टोकन स्लीव्हमध्ये घालून ठेवा, वर मार्करने लिहिता-पुसता येतं.

हातातलं कार्ड यादृच्छिक टाकायचं असेल तर मालकाने डावीकडून क्रमांक धरावेत आणि दुसऱ्याने फासा टाकावा. सात कार्डं असतील तर आठ बाजूंचा फासा, आठ आला तर पुन्हा.

एकट्यालाच बघायचं असेल, उदाहरणार्थ समोरच्याचा हात किंवा त्याच्या डेकचं वरचं कार्ड, तर मालकाने फोटो काढून खासगी संदेशात पाठवावा. पण प्रीटर्स ग्रास्पसारखी कार्डं, ज्यात दुसऱ्याचा अख्खा डेक शोधून कार्ड गुपचूप पालथं ठेवायचं असतं, ती कॅमेऱ्यावर धड खेळताच येत नाहीत. शोधायला डेकची यादी पाठवता येते, पण कोणतं कार्ड निवडलं ते मालकाला कळतंच. अशी कार्डं वेबकॅमच्या डेकमधून काढून टाका.

समोरचा फसवत असेल तर?

शक्य आहे, पण मैत्रीच्या डावात फार कमी दिसतं. जे दिसतं त्यातला मोठा भाग विसराळूपणाचा असतो: वळणाला दोन लँड टाकणं, अनटॅप करायचं राहणं. म्हणून टप्पे मोठ्याने म्हणायची सवय सगळ्यांनीच लावा: ‘अनटॅप, अपकीप, ड्रॉ.’ डेक कॅमेऱ्यासमोर पिसा. कार्ड शोधून दाखवायचं असेल तर दोन सेकंद स्थिर धरा. एवढं करूनही एखाद्यावर विश्वास बसत नसेल तर पुरावे गोळा करू नका, पुढच्या वेळी त्याला बोलावू नका.

पूर्ण डाव मराठीत खेळता येईल?

बोलणं नक्कीच. गट मराठी असला की ‘थांब, त्याला उत्तर आहे माझ्याकडे’ हे सहज येतं आणि नवखाही मोकळा होतो. कार्डांची नावं आणि नियमांतले शब्द मात्र इंग्रजीच ठेवा: टॅप, स्टॅक, ट्रॅम्पल, एक्झाइल. त्यांचं भाषांतर केलं की स्क्रायफॉल या कार्डं शोधायच्या साइटवर शोधता येत नाही आणि दोघांच्या मनात दोन अर्थ राहतात. मराठीत किंवा हिंदीत मॅजिक छापलं जात नाही. पण २००१ मध्ये अपोकॅलिप्स संचाच्या पूर्व-प्रकाशनाला फंगल शॅम्बलर हे कार्ड संस्कृतात छापलं होतं. देवनागरी अक्षरांचं ते कार्ड आजही संग्राहक शोधत असतात.

माझा मुलगा १२ वर्षांचा आहे. त्याला अनोळखी लोकांशी खेळू द्यावं का?

डिस्कॉर्डची किमान वयोमर्यादा १३ आहे, त्यामुळे तिथे नको. अरीनावर अनोळखी लोकांशी गप्पांची सोय नाही, त्या दृष्टीने ती बरी. खर्चाची सोय मात्र कुलूपबंद करा. वेबकॅमवर खेळायचंच असेल तर ओळखीच्या घरांतल्या मुलांशी, खासगी खोलीत, मोठं माणूस त्याच खोलीत असताना.

हे मोठ्यांनीही पाळावं: कॅमेरा मॅटवर असतो, चेहरा दाखवायची गरज नसते. टेबलावरचं कुरिअरचं खोकं, वीजबिल, ओळखपत्र चौकटीतून बाजूला करा. पत्ता असाच बाहेर जातो.

पैशांचे व्यवहार आणि फसवे दुवे?

डिस्कॉर्डवर कोणी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगितला, ‘बक्षीस मिळवा’ किंवा ‘तू खरा आहेस हे सिद्ध कर’ म्हणून, तर करू नका. त्या कोडने तुमचं खातं त्याच्या यंत्रावर उघडतं. ‘चुकून तुझी तक्रार केली, आता या अधिकाऱ्याशी बोल’ हाही ठरलेला डाव आहे. अरीनाची रत्नं (तिथलं चलन) फुकट देणारी साइट खरी नसते.

कार्डांची अदलाबदल टपालाने करायची तर पहिला व्यवहार लहान ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो तारखेच्या चिठ्ठीसह मागा आणि पाठपुरावा करता येईल अशाच सेवेने पाठवा. परदेशातून मागवलेल्या पाकिटावर सीमाशुल्क लागू शकतं, ते कोणी भरायचं हे आधी ठरवा.

पैसे लावून स्पर्धा घेऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. ‘प्रत्येकी शंभर, जिंकेल त्याला सगळे’ हे मित्रांतसुद्धा नको.

ऑनलाइन ड्राफ्ट करता येतो?

आठ जण जमले तर फार छान होतो. ड्राफ्टमॅन्सर ही फुकट साइट आहे. एक जण खोली उघडतो, प्रत्येकाला तीन पाकिटं मिळतात, एक कार्ड घेऊन पाकीट पुढे सरकवायचं. शेवटी ४० कार्डांचा डेक बांधून यादी कॉकाट्रिस किंवा अरीनात उतरवायची. अरीनात उतरवण्यासाठी संच अरीनावर असावा लागतो आणि ती कार्डं तुमच्याकडेही असावी लागतात, त्यामुळे मित्रांच्या ड्राफ्टला कॉकाट्रिस बरं. निवड आणि डेक बांधणीला तास-दीड तास धरा आणि सामने वाटल्यास दुसऱ्या दिवशी ठेवा.

मी पोकेमॉन किंवा युगिओ खेळतो. यातलं काय उपयोगी?

कॅमेरा, उजेड, वेळ, सुरक्षितता हे सगळं तसंच्या तसं लागू. पोकेमॉनला टीसीजी लाइव्ह आहे आणि खऱ्या पाकिटातल्या कोडने तिथे कार्डं मिळतात. टीसीजी पॉकेटमध्ये ठरवलेला परवलीचा शब्द दोघांनी टाकला की खासगी सामना लागतो. युगिओसाठी मास्टर ड्युएलमध्ये खोली उघडता येते. हे खेळ दोघांचे असल्याने भिडू जुळवणं सोपं आहे, एकच माणूस नियमित मिळाला तरी पुरे.

दोन-तीन डाव होतात, मग गट विरतो. तो टिकवायचा कसा?

चार जणांच्या टेबलाला चार जणांचा गट कधीच पुरत नाही. एकाच्या घरी पाहुणे, दुसऱ्याची रात्रपाळी, की डाव रद्द. दोनदा रद्द झाला की तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही. सात-आठ जण ठेवा. पाच आले तर पाच जणांत खेळण्यापेक्षा पाचव्याने पुढच्या डावाला यावं, कारण वेबकॅमवर पाचव्या माणसाने डाव तासभर लांबतो.

दिवस आणि वेळ मतदानाने दर आठवड्याला ठरवू नका. एकदाच ठरवा आणि तोच ठेवा. चौघांचा डाव कॅमेऱ्यावर दीड ते अडीच तास चालतो, म्हणजे संध्याकाळी दोन डाव. दुसरा डाव किती वाजेनंतर सुरू करायचा नाही हेही ठरवून टाका, नाहीतर रात्री एकला कोणीतरी अर्ध्यातून उठतो. उठावंच लागलं तर सांगून, आपल्या वळणाला, इतरांचा हल्ला सोडवून झाल्यावर. मधेच खिडकी बंद केली की ज्याने त्याच्यावर हल्ला आखला होता त्याची सगळी मांडणी वाया जाते. जोडणी तुटली तर दहा मिनिटं थांबायचं, मग त्याच्याशिवाय पुढे. हा नियम आधीच लिहून ठेवलेला असला की कोणाला वाईट वाटत नाही.

बोलणी डिस्कॉर्डवर ठेवा, पण आठवण व्हॉट्सॲपवर द्या. आणि ही आठवण द्यायचं काम एकाच माणसाने कायम अंगावर घेऊ नये, दर महिन्याला ते दुसऱ्याकडे द्या. गट फुटतात ते बहुतेक त्या एका माणसाला कंटाळा आला की.